इनबोर्ड मशीनचं टेंपरेचर आणि ऑईल प्रेशर किती असलं म्हणजे नॉर्मल?

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात. हर्णैच्या एका भावाने यंदा जुना ट्रॉलर घेतलाय, सहा सिलेंडरचं डिझेल मशीन, आत गोड्या पाण्याचं कूलिंग आणि बाहेर खाऱ्या पाण्याचा हीट एक्सचेंजर, म्हणजे नळ्यांचा कूलर, ज्यात समुद्राचं पाणी आतल्या गोड्या पाण्याला थंड करतं. सकाळी स्टार्ट मारला की ऑईल प्रेशर ५ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाखवतं, दीड-दोन तास चालल्यावर ३ वर येतं आणि बंदरात शिरताना स्लो केलं की काटा १ च्या खाली जातो. टेंपरेचर एरवी ८२ ते ८५, जाळं ओढताना ९०. आधीचा मालक म्हणतो हे असंच असतं, काळजी नको. गावातला मेस्त्री म्हणतो मशीन खोलावं लागेल. मग खरं कोणाचं?

भाऊ, टेंपरेचरच्या बाबतीत मालकाचं खरं आहे, तुमचं टेंपरेचर चांगलं आहे. ऑईल प्रेशरचं मात्र असं फोनवर ऐकून सांगता येत नाही, ते तपासायला हवं, पण तपासणं वेगळं नि मशीन खोलणं वेगळं. खोलायच्या आधी चार-पाच गोष्टी बघायच्या असतात नि त्यातल्या बहुतेक थोडक्या पैशांत होतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटींच्या मशीनवर काम करून मला २६ वर्षं झाली, त्यात नुसत्या खोट्या मीटरपायी खोललेली मशीनं मी इतकी बघितलीयत की सांगायची सोय नाही, मालकाचा ऐन सीझन गेला नि आत बेअरिंग नव्यासारखं निघालं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टेंपरेचर आधी संपवू. गोड्या पाण्याचं कूलिंग असलेल्या डिझेल मशीनचं पाणी ७५ ते ९० डिग्रीच्या मध्ये असलं की ठीक. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झालं की आपोआप उघडणारा वॉल्व, साधारण ७१ ते ८२ ला उघडायला लागतो, कोणता बसवलाय त्यावर आहे, आणि पूर्ण उघडायला अजून दहा-बारा डिग्री घेतो, म्हणून फुल लोडवर ९० दिसणं यात वावगं काही नाही. ९५ च्या पुढे गेलं की कारण शोधायचं, १०० ला थांबायचं. आता कोणी म्हणेल पाणी १०० ला उकळतं मग १०० ला कसं काय चालतं, तर टाकीच्या झाकणाला प्रेशर असतं, अर्ध्या बारचं झाकण असलं तरी उकळायचा पॉइंट ११० च्या वर जातो. झाकणाचं रबर गेलं की तो फायदा गेला, मग ९८-९९ लाच आत बुडबुडे सुरू होतात नि हेडच्या (सिलेंडरवरच्या झाकणाच्या) कोपऱ्यात वाफेचे कप्पे धरतात. झाकण स्वस्त मिळतं, दर दोन वर्षांनी बदलून टाकावं असं माझं मत आहे.

ज्या मशीनमध्ये थेट खारं पाणीच ब्लॉकमधून फिरतं त्यांचा हिशोब वेगळा. ती ५० ते ६५ च्या मध्येच चालायला हवीत. छोट्या जुन्या खाऱ्या पाण्याच्या मशीनमध्ये तर थर्मोस्टॅट ४२ लाच उघडायला लागतो, आणि बाहेरून शिकून आलेला पोरगा ते बघून म्हणतो मशीन थंड चाललंय, थर्मोस्टॅट बदला. अजिबात बदलू नका. खारं पाणी ६०-६५ च्या वर तापलं की त्यातला चुना नि जिप्समसारखे क्षार आतल्या भिंतीला धरायला लागतात. मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं हे आपल्याला घरात माहीत असतं, पण या क्षारांचं उलटं आहे, पाणी जेवढं गरम तेवढे ते बाहेर पडतात. चहाच्या भांड्याला बोअरच्या पाण्याने जो पांढरा थर धरतो तसाच थर, आणि तो एकदा धरला की उष्णता बाहेर जात नाही, मग अजून तापतं, मग अजून धरतो. तेव्हा आपल्या बोटीत पाणी कोणतं फिरतं ते आधी कळायला हवं, शेजारच्या बोटीचा आकडा आपल्याला लावायचा नाही.

थर्मोस्टॅट काढून फेकायची जी सवय आपल्याकडे आहे त्याबद्दल मला मनापासून बोलायचंय. मशीन तापलं की पहिला सल्ला हाच, काढून टाक रे तो, पाणी मोकळं फिरू दे. मग मशीन दिवसभर ५५ वर चालतं नि सगळे खूश. पण डिझेल मशीन थंड चाललं की डिझेल पूर्ण जळत नाही, न जळलेलं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं, ऑईल पातळ होतं, आणि डिझेलमधल्या गंधकाचं नि पाण्याच्या वाफेचं मिळून आम्ल तयार होतं ते लायनर (सिलेंडरचं आतलं अस्तर) खातं. म्हणजे टेंपरेचरचा प्रश्न सोडवायला गेलो नि दोन सीझनमध्ये ऑईल प्रेशरचा प्रश्न विकत घेतला. हे दोन मीटर शेजारी शेजारी लावलेले असतात ते उगाच नाही. तुमच्या बोटीत ८२-८५ दिसतंय म्हणजे थर्मोस्टॅट जागेवर आहे, आधीच्या मालकाने एवढं तरी नीट ठेवलंय.

आता जाळं ओढताना ९० का होतं. ट्रॉलरचं काम म्हणजे बोट चालते दोन-तीन नॉटने, पण मशीन लोड घेतं पूर्ण, आणि तेही सलग तीन-चार तास. ज्या बोटींना बुडाखाली पाईप टाकून कूलिंग केलेलं असतं त्यांना तर हे जास्त जाणवतं, कारण बोट हळू म्हणजे पाईपवरून पाणीही हळू. त्यात आपला समुद्र मे महिन्यात ३० डिग्रीच्या आसपास असतो, थंड देशातल्या समुद्रासाठी बनवलेला कूलर इथे येऊन कमी पडतो यात नवल नाही. तेव्हा ओढताना ५-७ डिग्री वाढलं आणि जाळं वर घेतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत परत ८५ वर आलं तर निर्धास्त राहा. परत येत नसेल, किंवा गेल्या महिन्यात त्याच आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) ८६ होतं नि आता ९२ आहे, तर मात्र बघायचं. आणि बघताना हे ध्यानात ठेवा की स्लोला ठीक नि फुलला तापतंय म्हणजे पाणी कमी पडतंय नाहीतर लोड जास्त आहे: गाळणीत प्लास्टिक, हीट एक्सचेंजरच्या नळ्या बुजलेल्या, बोटीच्या पंख्याला (प्रॉपेलरला) दोर गुंडाळलेला, बुडाला काल्वं नि शेवाळ धरलेलं. बुड घाण असलं की तोच वेग काढायला मशीनला केवढं जास्त ओढावं लागतं ते लोकांना खरं वाटत नाही. पाऊस संपल्यावर खाडीच्या तोंडाशी जे काही तरंगत येतं ते तर सगळ्यांना ठाऊक आहे, दुधाची एक रिकामी पिशवी सी कॉकच्या (समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या कॉकच्या) तोंडाला चिकटली की पाणी बंद, आणि मशीन बंद केलं की पिशवी आपोआप सुटून जाते, मग माणूस दोन तास शोधतो नि काहीच सापडत नाही.

इम्पेलरची एक गोष्ट सांगतो. एका बोटीचा खाऱ्या पाण्याचा पंप फाटला होता, घाईत होते, इम्पेलर (पंपातलं रबरी पात्यांचं चाक) नवा टाकला. जुना हातात घेतला तर सहा पात्यांपैकी दोन गायब. मी म्हटलं ही दोन पाती शोधूया, तांडेल (बोटीचा प्रमुख) म्हणाला बाहेर गेली असतील, बर्फ भरलाय, वितळतोय, सोडा. तीन आठवड्यांनी तीच बोट परत, १६०० आरपीएमच्या पुढे गेलं की तापते. हीट एक्सचेंजरचं एका बाजूचं झाकण उघडलं तर समोर नळ्यांची जाळी, आणि त्या जाळीवर ती दोन काळी रबरी पाती आडवी चिकटून बसलेली, त्यांच्या आडोशाला शिंपल्यांचे तुकडे नि शेवाळ अडकून निम्म्या नळ्या बंद. चिमट्याने काढली, काम दहा मिनिटांचं. तेव्हापासून मी इम्पेलर बदलला की पाती मोजतो, मोजून सहा भरली नाहीत तर झाकण उघडल्याशिवाय बोट सोडत नाही. कोरडा चालला तर इम्पेलर मिनिटभरातसुद्धा जळतो, म्हणून सी कॉक उघडायचा विसरलात नि मशीन चालू केलंत तर पाणी आलं असं समजून पुढे जाऊ नका, उघडून बघा.

आणि ही गोष्ट तर प्रत्येक खलाशाला माहीत हवी. एका बोटीवर रात्री टेंपरेचर ९५ वर गेलं, ड्रायव्हर घाबरला, आरपीएम कमी केला, आणि बघता बघता काटा उतरायला लागला, ९०, ८०, ६०. त्याला वाटलं सुटलो. परत आरपीएम वाढवला नि वीस मिनिटांत मशीन जाम. झालं होतं असं की होज पाईपचा क्लिप तुटून गोडं पाणी सगळं बिल्जमध्ये (बोटीच्या तळात) गेलं होतं, टेंपरेचरचा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरं सांगतो, पाणी गेलं की तो हवेत लटकतो नि थंड दाखवतो. काटा चढून मग अचानक पडला तर तो आनंदाचा काटा नाही, ताबडतोब मशीन बंद करायचं. त्या पोराची चूक मी धरत नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता ऑईल प्रेशर. इथे आधी एक गोष्ट मनात पक्की व्हायला हवी की पंप प्रेशर तयार करत नाही, पंप फक्त ऑईल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते ऑईलला बेअरिंगच्या फटीतून बाहेर पडायला जो अडथळा होतो त्यातून. क्रँक (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) नि त्याला धरणारं बेअरिंग यांच्यातली फट माणसाच्या केसाच्या जाडीएवढी असते. अंगणात नळाला पाईप लावून तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडतं, अंगठा सैल केला की गळतं, तसंच. बेअरिंग घासलं म्हणजे अंगठा सैल झाला. ऑईल गरम होऊन पातळ झालं तरी तेच. म्हणून सकाळी थंड मशीनवर प्रेशर भरपूर दिसतं, त्याला काही अर्थ नाही, जुनं खराब मशीनसुद्धा सकाळी ५ दाखवेल. खरं प्रेशर कोणतं, तर मशीन दोन तास लोडवर चालून पूर्ण गरम झाल्यावर स्लोला जे दिसतं ते. पंप तेव्हा सर्वात कमी ऑईल ढकलत असतो नि ऑईल सर्वात पातळ असतं, लपवायला काही उरत नाही.

आकडे: गरम मशीन, १५०० ते १८०० आरपीएम, ३ ते ४ किलो म्हणजे साधारण ४० ते ६० पीएसआय, हे छान. अडीचच्या खाली आलं तर लक्ष ठेवायचं. गरम मशीन स्लोला, ६००-६५० आरपीएम, १ ते दीड किलो छान, ०.७ पर्यंत बहुतेक कंपन्या चालवून घेतात. जुने लोक १००० आरपीएमला १० पीएसआय असा हिशोब धरतात, तो जगण्यापुरता किमान आहे, त्यावर समाधान मानू नये. आणि तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा दिलाय तो माझ्या आकड्याच्या वर, तो आधी बघा, मॅन्युअल नसेल तर मशीनवरच्या प्लेटचा नंबर घेऊन डीलरकडून मागवा. मीटरवर युनिट काय आहे तेही बघा, १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय आणि १ किलो जवळपास १ बारच.

तुमचा १ च्या खाली म्हणजे किती? ०.८ आणि ०.३ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि बोटीवरच्या छोट्या इलेक्ट्रिक मीटरवर तो फरक दिसतच नाही. म्हणून पहिलं काम, सेन्सर काढून त्याच भोकात साधा मेकॅनिकल प्रेशर मीटर लावा, ट्यूबवाला, हायड्रॉलिकच्या दुकानात मिळतो. गरम मशीनवर स्लो नि १५०० असे दोन आकडे घ्या. खाऱ्या हवेत सेन्सरची वायर हिरवी पडते, इंजिनची अर्थ वायर गंजते, कोणीतरी सेन्सरच्या आट्यांना भरपूर टेप गुंडाळून बसवतो नि अर्थच मिळत नाही, मग मीटर वाटेल ते बोलतो. सेन्सर नि मीटर जोडीचे नसतील तर अजून गंमत होते, एका पद्धतीत शून्य प्रेशरला २४० ओहम नि फुलला ३३, दुसऱ्या पद्धतीत शून्याला १० नि फुलला १८०. एका बोटीवर चावी फिरवली, मशीन बंद, आणि ऑईलचा काटा शेवटच्या टोकाला! सेन्सर एका पद्धतीचा नि मीटर दुसऱ्या, प्रेशर वाढेल तसा काटा खाली येत होता, नि त्यांना दोन महिने वाटत होतं की मशीन मरायला टेकलंय. टेंपरेचरसाठी इन्फ्रारेडची बंदूक घ्या, थर्मोस्टॅटच्या घरावर धरायची, पण चकचकीत धातूवर ती कमी दाखवते, तिथे काळा रंग किंवा काळी टेप लावून मग बघा.

मीटर खरा निघाला आणि प्रेशर खरंच कमी असेल तर डिपस्टिक. नुसती पातळी नाही बघायची, ऑईल बघायचं. दोन बोटांत चोळा, नाकाला लावा. पातळी न भरता वाढत असेल तर आत डिझेल किंवा पाणी उतरतंय, हे वाढणं कमी होण्यापेक्षा जास्त वाईट. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब टाकून अर्धा तास ठेवा, मधला काळा डाग जागेवर राहील नि डिझेल असेल तर बाहेर फिकट तेलकट कडं लांब पसरेल. पाण्यासाठी तोच थेंब तापलेल्या पत्र्यावर टाका, तडतडलं तर पाणी आहे. दुधाळ, फेसाळ दिसलं तर तपासायचीही गरज नाही. डिझेल येतं ते बहुधा फीड पंपाचा पडदा फाटल्याने, फ्युएल पंपाचं सील गेल्याने किंवा नॉझल गळल्याने, आणि ही तिन्ही कामं मशीन न खोलता होतात, ते दुरुस्त करून ऑईल-फिल्टर बदलला की प्रेशर स्वतःहून परत येतं. आधीच्या मालकाने कोणतं ऑईल घातलं होतं तेही विचारा. मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० (ऑईलच्या घट्टपणाचा ग्रेड) लिहिलंय नि आत स्वस्तातलं पातळ काही असेल तर गरम झाल्यावर स्लोला प्रेशर पडणारच. काही जण उलट करतात, विकायच्या आधी घट्ट ऑईल भरून प्रेशर वर दाखवतात, जुनी बोट घेताना हे मनात असू द्या. आणि ऑईल वरच्या खुणेच्या वर भरू नका, क्रँक ते घुसळतो, फेस होतो, नि फेसाचं प्रेशर बनत नाही.

हे सगळं ठीक निघालं, ऑईल नवं, मीटर खरा, तरी गरम स्लोला ०.५ च्या खाली, तर रिलीफ वॉल्व (जास्तीचं ऑईल प्रेशर सोडणारा) काढून बघा, त्याच्या सीटवर कचऱ्याचा एक कण अडकला तरी तो उघडा राहतो. मग जुना फिल्टर कापा, कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरा. चकाकणारी बारीक पूड, विशेषतः तांबूस रंगाची, दिसली तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचं तांबं लागलंय. तेव्हा तुमच्या मेस्त्रीचं खरं, ऑईल सम्प (मशीनखालचं ऑईलचं पात्र) उतरवून बेअरिंग बघायलाच हवं, आणि ते लवकर, कारण या टप्प्यावर बेअरिंग बदलून भागतं, अजून महिनाभर चालवलं तर क्रँक ग्राइंडिंगला जातो.

समुद्रात असताना काय करायचं ते दोन्हींचं वेगळं आहे, यात गल्लत करू नका. टेंपरेचर वाढलं तर एकदम बंद करायचं नाही, न्यूट्रल करा, स्लोला चालू ठेवा, पाणी फिरत असेल तर हेडमधली उष्णता निघून जाते, एकदम बंद केलं तर ती आतच कोंडते. पाणी फिरतच नसेल तर मात्र बंद. झाकण उघडायचं नाही, वरून थंड पाणी ओतायचं नाही, हेडला चीर जाते. ऑईल प्रेशर पडलं तर मात्र विचार करायचा नाही, त्याच सेकंदाला बंद, नांगर टाका, वायरलेसवर शेजारच्या बोटीला सांगा. बझर वाजेल तेव्हा बघू असं म्हणू नका, ऑईलचा बझर बहुतेक ठिकाणी अर्ध्या किलोच्या आसपास वाजतो, स्लोला ते ठीक, पण १६०० आरपीएमला अर्धा किलो म्हणजे बेअरिंग तोवर कोरडं झालेलं असतं.

तुमच्यासाठी क्रम असा धरा. १ जूनपासून मासेमारीची पावसाळी बंदी लागते, बोट वर घेऊन शाकारायच्या (पावसासाठी झाकायच्या) आधी शेवटच्या फेरीत मेकॅनिकल मीटर लावून चार आकडे घ्या: थंड स्लो, गरम स्लो, गरम १५००, आणि जाळं ओढताना, प्रत्येकासमोर टेंपरेचर पण. केबिनच्या फळीवर तारखेसकट ऑईलपेंटने लिहून ठेवा, वही ओली होते नि हरवते. गरम स्लो ०.८ किंवा वर आला तर ऑईल नि फिल्टर बदला, हीट एक्सचेंजरचं झाकण उघडून नळ्या साफ करा, जिंक (गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा) नवं टाका, इम्पेलर काढून ठेवा म्हणजे पावसाळाभर पाती वाकून राहणार नाहीत, आणि नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात घाला. ०.५ ते ०.८ आला तर डिझेल उतरतंय का बघा नि रिलीफ वॉल्व तपासा. ०.५ च्या खाली आला तर फिल्टर कापून बघा, तांबूस पूड दिसली तर बेअरिंगचं काम या दोन महिन्यांतच करून घ्या, मेस्त्री तेव्हा मोकळे असतात नि पार्ट मागवायला वेळ मिळतो. तोवर २० वाव खोलीच्या बाहेर जाऊ नका, आणि गेलात तर सोबतीला दुसरी बोट असू द्या.